अन्ननलिका चालत नाही म्हणून फुप्फुस नाकारायचं?

रामबागकर:
आमच्या वहिनींना स्क्लेरोडर्मा आहे. कातडी ताठली ती ताठलीच, आता फुप्फुसंही कडक होताहेत. घरी ऑक्सिजन लागतो. इंदूरबाहेरच्या एका केंद्राने प्रत्यारोपणाच्या यादीत घ्यायला नकार दिला. नाकातून बारीक नळी घालून ५-५ मिलीचे १० घोट गिळायला लावले आणि दहाही वेळा अन्ननलिका ढिम्म! गिळण्याच्या दुखण्यापायी माणसाला वाऱ्यावर सोडायचं?

लोकमान्यनगर७:
दादा, वाईट वाटतं, पण केंद्राचं चुकलं असं मला वाटत नाही. अन्न पुढे सरकलं नाही की साचतं. रात्री आडवं पडलं की घशाशी येतं आणि श्वासनळीत उतरतं. प्रत्यारोपणात संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या जातात, त्यामुळे नवं फुप्फुस जिथे जोडतात त्याच्या खाली काही गेलं तर ठसकाही लागत नाही. असं वारंवार झालं की बारीक श्वासनलिका व्रण धरून बुजतात आणि नवं फुप्फुसही निकामी होतं. ग्रीन कॉरिडॉरसाठी इंदूर रस्ता मोकळा करून देतं ते अवयव टिकावा म्हणूनच ना?

सुदामानगरची:
टिकणार नाही हे ठरवलं कुणी? काही केंद्रांनी निवडक स्क्लेरोडर्मा रुग्णांवर प्रत्यारोपण केलंय. प्रत्यारोपणानंतरचं त्यांचं आयुष्य इतर फायब्रोसिसवाल्यांच्या, म्हणजे फुप्फुसं कडक झालेल्या इतर रुग्णांच्या, जवळपास आढळलं. काही रुग्णांची अन्ननलिका प्रत्यारोपणानंतर सुधारल्याचंही नोंदलं गेलंय. एका तपासणीवर फाटक बंद करणं हा निव्वळ आळस.

लोकमान्यनगर७:
‘निवडक’ म्हणालात, तिथेच सगळं आलं. निवडले गेले ते तगले. न निवडलेल्यांचा हिशोब कोण देणार?

पलासियावाला:
भिया, मधे बोलतो. ॲसिडिटीची गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गोळीने आम्ल घटतं, उलटून येणं थांबत नाही; पित्त येतंच. आणि पोटाचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायची शस्त्रक्रिया कुणी सुचवलीच तर जपून. अन्ननलिकेत जोर नसताना पूर्ण वेढा घातला तर घासच अडकतो. म्हणून अशा वेळी अर्धवट वेढ्याचा विचार होतो.

सुदामानगरची:
आणि गरज पडली तर पोट टाळून थेट लहान आतड्यात नळीने अन्न देता येतं. वाट आहे म्हणते मी, सोपी म्हणत नाही.

लोकमान्यनगर७:
ती वाट वहिनींना झेपेल का, हे त्यांना विचारलंय कुणी? सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकराला तळलेल्या कंदाचे गराडू खाणारं आपलं गाव! संध्याकाळी थोडंसं खाऊन उशाकडून उंच केलेल्या पलंगावर झोपणं, कदाचित जन्मभर नळी. यादीत नाव येण्याआधी ‘हो’ त्यांनी म्हणायला हवं, दिराने नव्हे.

रामबागकर:
विचारलंय. म्हणाल्या, “गराडू गेले चुलीत, जिना चढता आला पाहिजे.” आता घोटांचा आलेख, चोवीस तासांची उलटण्याची तपासणी आणि सीटी घेऊन दुसऱ्या केंद्राला विचारतोय. नकार आला तर कारण लेखी मागणार.

लोकमान्यनगर७:
जरूर मागा. माझं मत तेच आहे, पण पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो तेही तपासून फाइलला जोडा. नाहीतर दुसरं केंद्र त्यासाठीच परत पाठवेल.