डॉक्टरांना व्यसनाबद्दल शिकवायचं म्हणजे नुसतं 'गोळी लिहू नका' सांगायचं का?

रात्रपाळी
'शल्यक' यांनी काल लिहिलं, "ओपिऑइडच्या व्यसनावर डॉक्टरांना प्रशिक्षण देणं हा वेळेचा अपव्यय आहे. ज्याला लागायचं त्याला व्यसन लागतंच. आम्ही गोळ्या कमी लिहू, बाकी ज्याचं त्याचं नशीब." (ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अकरा वर्षं मी आयसीयूत नर्स आहे. माझा धाकटा भाऊ या 'बाकी'मध्येच गेला. मणक्याच्या ऑपरेशननंतर चार महिने ओपिऑइडच्या गोळ्या चालू होत्या. पाचव्या महिन्यात तो वेळेआधी गोळ्या मागायला गेला, डॉक्टरांना संशय आला, आणि त्यांनी त्याच दिवशी सगळं बंद केलं. हळूहळू उतरवायचा डोस एका झटक्यात शून्यावर. घाम, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडणं. चौथ्या दिवशी त्याने बाहेरून मिळवलं. पुढे व्यसनमुक्ती केंद्र झालं, तीन आठवड्यांनी तो घरी आला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. नवव्या दिवशी त्याने पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस आता जीव घेऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही.

आईने त्याला घोरताना ऐकलं. तिला वाटलं, किती दिवसांनी गाढ झोपलाय. तिने दिवा मालवला आणि दार लोटून घेतलं. मी ड्यूटीवर होते. ते घोरणं नव्हतं हो, श्वास अडकत होता.

डॉक्टर, 'गोळ्या कमी लिहू' यातलं काय त्याच्या उपयोगी पडलं असतं?

शल्यक
ताई, वाईट वाटलं, मनापासून. पण एका मृत्यूवरून धोरण ठरत नाही. आणि 'शिक्षण, शिक्षण' करताना एक विसरताय, हा घोळ शिक्षणातूनच झालाय. 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका परिच्छेदाचं पत्र छापून आलं. रुग्णालयात ओपिऑइड दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी ते पत्र शेकडो लेखांत 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून फिरलं. 1996 ला ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी बाजारात आली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना हाच धडा व्याख्यानांतून शिकवला गेला. 2007 मध्ये ती गोळी विकणाऱ्या पर्ड्यूच्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता पुन्हा कुणीतरी वर्ग घेणार आणि आम्ही माना डोलवायच्या? त्यापेक्षा कमी लिहिणं बरं.

बाबांची_लेक
'कमी लिहिणं बरं' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाबांचा कॅन्सर हाडांत पसरला होता. हातात मोजके आठवडे होते. डॉक्टर म्हणाले, "मॉर्फिन नको, सवय लागेल." कसली सवय? कुणाला? ते चादर दातांत धरून झोपायचे. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी वेदनाशामकांची शिडी 1986 मध्येच सांगितली, शेवटच्या पायरीवर मॉर्फिन आहे. रात्रपाळी, तुमचं दुःख खरं आहे, पण तुमच्यासारख्या कहाण्या ऐकूनच डॉक्टर माझ्या बाबांसारख्यांना तडफडत ठेवतात.

रात्रपाळी
माझ्या भावाच्या मरणामुळे तुमच्या बाबांना मॉर्फिन मिळालं नाही? जरा विचार करून लिहा. मी कुठे म्हटलं देऊ नका?

बाबांची_लेक
तुम्ही म्हटलं नाहीत, पण व्यसन आणि ओव्हरडोस हे दोनच शब्द दिवसभर कानावर घातले की ऐकणारा काय ऐकतो? मी ते भोगलंय. तुमच्या प्रशिक्षणात शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं यातला फरक किती मिनिटं शिकवतात? बाबांच्या डॉक्टरांना तो माहीत नव्हता. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध लागतं हेसुद्धा, शेवटी दुसऱ्यांनी ते सुरू केल्यावर, मलाच वाचून सांगावं लागलं!

औषधाची_खिडकी
दोघींच्या भांडणात माझंही ऐका. काउंटरवर रोज एकाच चिठ्ठीवर ओपिऑइड आणि झोपेची गोळी येते. दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र तर फारच. मी फोन केला तर पलीकडून "औषधं विका, डॉक्टरकी करू नका" असं ऐकलंय, तेही पेशंटसमोर. आधी हे शिकवा.

शल्यक
फोन पेशंट तपासताना येतो, हेही लक्षात घ्या. आणि विषय कुठून कुठे गेला. कॅन्सरचा रुग्ण वेगळा, ऑपरेशननंतरचा वेगळा.

बाबांची_लेक
वेगळा आहे हे तुम्हाला कळतं, म्हणजे तुम्ही कुठेतरी शिकलात ना? मग बाकीच्यांनी का शिकू नये?

रात्रपाळी
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने, ताई. मघाशी तोडून बोलले, कारण जखम तिथेच आहे. पण 'घाबरवू नका' म्हणत ओव्हरडोसचं शिकवणं टाळलं तर मी मानणार नाही. उलट, भीतीनेच माझ्या भावाची गोळी एका दिवसात तोडली. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने 2019 मध्ये इशारा दिला की असं अचानक थांबवल्याने तीव्र त्रास, वेदना, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. डॉक्टर, ज्यांना व्यसन लागलंय त्यांना मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवता येतं; तीही ओपिऑइडच, पण ती औषधं चालू असेतो मृत्यू कमी होतात. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं म्हणणारे डॉक्टर मी स्वतः पाहिलेत.

शल्यक
तसं मीही म्हणत आलोय. हे पटायला मला वेळ लागेल, आज हो म्हणणार नाही. वर्ग कंपनीच्या पैशांवर चालणार असतील तर मी तिथे पाऊलही टाकणार नाही. पण गोळ्या हळूहळू कशा उतरवायच्या, हे घरी जाताना कागदावर लिहून द्यायला हवं होतं, ते मान्य. मीही देत नव्हतो.

औषधाची_खिडकी
आणि कागदावर घरच्यांसाठी खुणा लिहा. हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास संथ किंवा थांबलेला, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

शल्यक
लिहीन. नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, दिल्यावर पेशंट शुद्धीवर आला की घरीच ठेवला तर चालतं का? मी भूल देणाऱ्यांवर सोडून देत आलोय, म्हणून विचारतोय.

रात्रपाळी
नाही, घरी ठेवू नका. नालोक्सोनचा असर साधारण 30 ते 90 मिनिटं टिकतो. आत मेथाडोन किंवा हळूहळू सुटणारी गोळी असेल तर ती त्याहून कितीतरी जास्त वेळ काम करत राहते, आणि उठून बसलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊन त्याचा श्वास थांबू शकतो. आधी अँब्युलन्स बोलवायची. ती येईपर्यंत श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, चालत असेल तर कुशीवर वळवायचं. आणि कुणीतरी जवळ बसायचं. दार लोटून घ्यायचं नाही.