शब्दचर्चा : निसर्गाची चित्रं ‘अमूर्त’ कशी?

परभणीकर : भेगाळलेली काळी माती, ज्वारीची धसकटं, खडकावरचं शेवाळ यांवरून काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन आहे. पत्रिकेवर ‘निसर्गाची अमूर्त चित्रे’ छापायचंय. माती तर डोळ्यांसमोर आहे, मग अमूर्त कसं?

पैठणहून : न्याय, भीती, काळ यांना मुळात आकारच नाही, म्हणून ते अमूर्त. चित्रातलं अमूर्त वेगळं. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणं पसंत करत, मराठीत वस्तुनिरपेक्ष. तुमचा चित्रकार वस्तूपासूनच निघतो आणि भेग ओळखू येईनाशी होईपर्यंत एकेक तपशील गाळत जातो. या क्रियेला ‘अमूर्तन’ हा चांगला शब्द आहे. तुमच्या ओळीत घोटाळा करतंय ते विशेषण नाही, ‘ची’ आहे. ‘निसर्गाची’ वाचलं की लोक डोंगर-झाडं शोधत फिरणार. ‘निसर्गातून अमूर्ताकडे’ छापा.

लातूरकर : सरळ ‘मॉडर्न आर्ट’ लिहा की. लोकांना तेच कळतं.

पैठणहून : कळतं खरं, पण तो होऊन गेलेला काळ. आजच्या चित्राला समकालीन.

परभणीकर : आणि ‘टेक्स्चर’, ‘पॅटर्न’, ‘अर्थ टोन’ (मातीचे रंग)?

पैठणहून : टेक्स्चर म्हणजे पोत, दुसरा शब्द शोधूच नका. इथं विणकर कापडाचा पोत बोटांनी पाहतो. शेतकऱ्याच्या ‘जमिनीचा पोत सुधारला’मध्ये भुसभुशीतपणा आणि कस दोन्ही येतात. चित्राचा पोत हात न लावता डोळ्यांनाच खरखरीत लागतो. तुमच्या चित्रांत तर शेतकऱ्याचा आणि चित्रकाराचा पोत एकाच जागी आलाय.
पॅटर्नला सरसकट ‘नक्षी’ नको. नक्षी कुणीतरी काढलेली असते. वाळताना आकसणारी चिकण काळी माती भेगांची ‘जाळी’ धरते.

धाराशिवहून : अर्थ टोनला ‘मातकट’ चालेल?

पैठणहून : नको हो! मातकट म्हटलं की कळकट कपडे आठवतात. रंगांची नावंच लिहा : काव, पिवडी, काजळी. अजिंठ्याच्या भिंतींवरचा लाल, पिवळा, काळाही यांचाच. निळ्यासाठी मात्र लाजवर्द दगड बाहेरून आणावा लागला. आणि एका रंगाआडून दुसरा चमकत असेल तर ‘धूपछाव’. पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की रंग पालटतो.

परभणीकर : दोन चित्रांत हिरव्याखालून तांबडा तसाच दिसतो. तिथं धूपछाव लिहितो.

लातूरकर : लिहा. पण पत्रिकेत कंसात ‘मॉडर्न आर्ट’ राहू द्या, नाहीतर आमच्याकडचं कुणी येणार नाही.