क्लोबाझॅमने झोप येते, मग ईईजीत वेगवान लहरी का वाढतात?

प्रश्न (एम. डी. औषधशास्त्र, दुसरे वर्ष)

नमस्कार. क्लोबाझॅम किंवा लोराझेपाम ही बेन्झोडायझेपीन गटातील औषधे चालू असलेल्या रुग्णांच्या ईईजीत (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात), विशेषतः डोक्याच्या पुढच्या भागात, 13 ते 30 हर्ट्झच्या बीटा लहरी ठळकपणे वाढलेल्या दिसतात. ही औषधे ग्लानी आणणारी आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत तर वेगवान लहरींचा संबंध जागेपणाशी व मंद लहरींचा झोपेशी लावलेला असतो. मग इथे उलटे का घडते? निरोगी स्वयंसेवकांवर या गटातील औषधाचा परिणाम ईईजीने मोजण्याचा प्रबंध मी आखत आहे. त्यात बीटाची वाढ हे मुख्य मोजमाप धरावे का?

उत्तर 1 (भूलतज्ज्ञ)

बेन्झोडायझेपीन औषधे गाबा-ए रिसेप्टरमधून, म्हणजे पेशींचे दमन करणाऱ्या (त्यांची क्रिया रोखणाऱ्या) संदेशाच्या ग्राहकातून, जाणारा क्लोराइडचा प्रवाह वाढवतात, हे आपण जाणताच; परंतु दमन वाढले म्हणून पेशींचे सगळे जाळे गप्प बसते असे नाही. दमन करणारी एकेक पेशी शेजारच्या अनेक पेशींना एकाच वेळी रोखते आणि तो दाब ओसरला की त्या जवळपास एकदमच पुन्हा सक्रिय होतात, त्यामुळे त्यांचा ताल जुळतो. डोक्याच्या त्वचेवरील इलेक्ट्रोडला एकट्या पेशीचे काम कळत नाही, असा जुळलेला ताल मात्र कळतो. थायोपेंटोन या भुलीच्या औषधाच्या बाबतीत तर वेगवान लहरी आधी वाढतात आणि भूल गाढ होत जाते तशा ओसरून मंद लहरींना जागा देतात; म्हणजे बीटाचा एकच आकडा दोन अगदी वेगळ्या मात्रांना मिळू शकतो.

लहरींच्या वेगावरून जागेपण ठरवण्याची सवय आम्हालाही महागात पडते. शस्त्रक्रियागृहातील, ईईजीवरून भुलीची खोली मोजणारे बीआयएस यंत्र 0 ते 100 असा आकडा दाखवते, आणि सर्वसाधारण भुलीसाठी तो 40 ते 60 असावा असे मानतात. त्याच रुग्णाला केटामाइन हे भुलीचे औषध दिले की भूल हलकी झालेली नसतानाही आकडा वर चढू शकतो, कारण केटामाइन वेगवान लहरी वाढवते. याच्या नेमके उलट उदाहरण जुने आहे: संशोधक अब्राहम विकलर यांनी 1952 साली कुत्र्यांना अ‍ॅट्रोपीन दिले, तेव्हा आलेखात झोपेसारख्या मंद लहरी आल्या आणि कुत्री मात्र जागीच होती.

उत्तर 2 (ईईजी तंत्रज्ञ)

वरील विवेचन मान्य आहे, पण माझी चिंता त्याच्या अलीकडची आहे. जबडा आवळलेला असेल तर कानशिलाच्या स्नायूंची विद्युत क्रिया थेट बीटाच्या पट्ट्यात मिसळते. शिवाय शामक औषधाने स्नायू सैलावले तर ही भेसळ कमी होते आणि बीटाची खरी वाढ आकड्यात झाकली जाऊ शकते. स्वयंसेवकांना आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता येण्यास सांगावे. आपल्याकडे ही सूचना दोनदा दिली तरी कमीच पडते, आणि तेलकट त्वचेवर इम्पिडन्स (त्वचा व इलेक्ट्रोड यांमधील विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या खाली आणणे फार कष्टाचे जाते.

दुसरी अडचण झोपेची आहे. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाला औषधाविनाही डुलकी लागते. निवांत जागेपणीच्या अल्फा लहरी विरतात, त्यांहून मंद थीटा लहरी वाढतात आणि डोळे मिटलेल्या पापण्यांआड संथपणे इकडून तिकडे फिरू लागतात. डोळ्यांच्या हालचालींसाठी वेगळे चॅनेल लावावे, म्हणजे ही डुलकी वेळीच ओळखू येईल. रेकॉर्डिंग थोडक्यात आटोपावे आणि डोळे उघडे ठेवूनही एक भाग घ्यावा.

उत्तर 3 (औषधचाचण्यांतील संख्याशास्त्रज्ञ)

मूळ प्रश्नाचे उत्तर: बीटा मोजावा, पण त्याला ग्लानीचे माप म्हणू नये. औषध मेंदूतील रिसेप्टरपर्यंत पोहोचून काम करत आहे, एवढेच तो बऱ्यापैकी सांगतो. ग्लानीसाठी प्रतिक्रियेचा वेळ किंवा नजर झटकन वळवतानाचा डोळ्यांचा कमाल वेग स्वतंत्रपणे मोजावा.

प्रबंधांत वारंवार आढळणारी एक गफलत मात्र सविस्तर सांगतो. अनेक जण बीटाची सापेक्ष शक्ती, म्हणजे एकूण शक्तीतील तिचा टक्का, देतात. समजा औषधापूर्वी अल्फा 50, बीटा 10 आणि उरलेल्या लहरी 40 एकक आहेत. बीटाचा वाटा 10 टक्के झाला. औषधानंतर अल्फा 50 वरून 20 वर आला आणि बाकी काहीच बदलले नाही, तरी एकूण शक्ती 70 होऊन बीटाचा वाटा 14 टक्क्यांवर जातो. बीटा जागचा हलला नाही, तरी तक्त्यात तो वाढलेला दिसतो. म्हणून निरपेक्ष शक्ती मायक्रोव्होल्टच्या वर्गात (µV²) द्यावी, आणि विश्लेषणापूर्वी तिचा लॉगॅरिदम घ्यावा.

प्रत्येक स्वयंसेवकाला औषध आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी) दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, यादृच्छिक क्रमाने द्यावेत. माणसामाणसांच्या अल्फात इतका फरक असतो की दोन स्वतंत्र गटांची तुलना करण्यासाठी बरीच अधिक माणसे लागतील. दोन दिवसांमधले अंतर औषधाच्या अर्धायुष्यावरून (शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळावरून) ठरवावे. क्लोबाझॅमचे सक्रिय चयापचयजन्य द्रव्य शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे एक आठवडा पुरणार नाही. लोराझेपाम निवडल्यास हा भाग बराच सोपा होईल.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. लोराझेपामच घेते. चहा-कॉफी किती तास आधी बंद ठेवावी?

उत्तर 3

आदल्या संध्याकाळपासून, आणि दोन्ही दिवशी सारखीच. रोज भरपूर चहा पिणाऱ्यांना मात्र निवडीच्या वेळीच वगळावे, कारण कॅफीन अचानक तोडल्यास थीटा वाढतो आणि तो औषधाच्या खाती जमा होतो.