थंडरबर्डमधून दोन ओळींची मेल जाते, अटॅचमेंट असली की अडकते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार मी विंडोजवर थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममधून करतो, आयडी आमच्याच डोमेनचा आहे. सोमवारी दुपारपासून मेल जाणं अचानक बंद झालं. येणारी मेल व्यवस्थित येते. पाठवायला गेलं की हिरवी पट्टी थोडी सरकते, तिथेच थांबते आणि दीड-दोन मिनिटांनी सर्व्हरशी संपर्क तुटला म्हणून निरोप येतो.

आधी मी सेटिंगच्याच मागे लागलो. पासवर्ड नव्याने टाकला, मेल पाठवायचं ५८७ पोर्ट आणि स्टार्टटीएलएस (मेल सुरक्षित पाठवायची एक पद्धत) होतं ते बदलून ४६५ आणि एसएसएल (तशीच दुसरी पद्धत) करून पाहिलं, अँटिव्हायरसची मेल तपासणी बंद केली, ट्रबलशूट मोडही (अ‍ॅड-ऑन बंद ठेवून थंडरबर्ड सुरू करणं) करून झाला. काही फरक नाही. खरं तर पासवर्ड चुकला असता तर तो लगेच नाकारला गेला असता, मध्येच लटकला नसता.

काल रात्री सहज स्वतःलाच "चाचणी" एवढा एकच शब्द पाठवला, तर गेला! खाली कंपनीचा लोगो असलेली सही जोडली की तीच मेल अडकली. इतकंच नाही, अटॅचमेंटवाली मेल ड्राफ्टमध्येसुद्धा सेव्ह होत नाही. ड्राफ्ट तर आयमॅपने (सर्व्हरवरची मेल वाचायची-ठेवायची पद्धत) ९९३ पोर्टवरून वर चढतो, त्याचा एसएमटीपीशी, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीशी, संबंधच नाही. म्हणजे दोष मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा नसावा. मोबाइलवरून पाहिलं: ऑफिसच्या वायफायवर अडकते, मोबाइल डेटावर लगेच जाते.

इथे आठवलं की रविवारी आम्ही ब्रॉडबँडची कंपनी बदलली आणि नवा राउटर बसला. हे कनेक्शन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने ब्रॉडबँड जोडायची पद्धत) चालतं. नेटवरून माहिती छोट्या पॅकेटांत जाते; त्यात प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट या पद्धतीतच जातात, म्हणजे पॅकेटला जास्तीत जास्त १५०० ऐवजी १४९२ बाइट उरतात. म्हणून पॅकेटचे तुकडे करू नयेत अशी अट घालून पिंग (चाचणीचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहणं) करून पाहिलं. १४६४ बाइटला उत्तर येतं (पॅकेटच्या हेडरचे २८ बाइट धरून बरोबर १४९२), पण १४७२ ला नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. तुकडे करावे लागतील असा उलट निरोप यायला हवा, तोही येत नाही. संगणक बिचारा मोठी पॅकेटं पाठवत राहतो आणि ती वाटेतच गडप होतात, असं मला वाटतं. छोटी मेल एका पॅकेटात बसते म्हणून सुटते.

आता प्रश्न असा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० दिसतोय, तो १४९२ केला की पुरे, की एमएसएस क्लॅम्पिंगही (राउटरनेच दोन्ही बाजूंना लहान पॅकेटं पाठवायला लावणं) चालू करावं लागेल? आणि राउटर कंपनीने कुलूपबंद ठेवला असेल तर ऑफिसच्या चारही संगणकांवर नेटशने (विंडोजची नेटवर्क सेटिंग बदलायची कमांड) एमटीयू कमी करणं हा रोजच्या वापरात टिकणारा उपाय आहे का? हेल्पलाइनवाले दरवेळी "राउटर बंद करून चालू करा" एवढंच सांगतात.

आज पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस न्हावाशेवा बंदरातल्या एजंटला हॉटस्पॉटवरून पाठवले. पण आमचं ऑफिस लूमच्या शेडमागे आहे, तिथे रेंज धड नाही, फोन खिडकीच्या गजांना टेकवून ठेवावा लागतो. शुक्रवारी पुढच्या कन्साइनमेंटची कागदपत्रं जायची आहेत. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया त्याआधी सांगा.