.२२ पिस्तूल (०.२२ इंची छोट्या गोळीचं) हवंय: फक्त कागदावर नेम धरायला, ४०० डॉलरमध्ये (डॅलस)

दहायार्ड:
डॅलसजवळ राहतो, वय ३४, ग्रीन कार्ड आहे. सुट्टीच्या दिवशी इनडोअर रेंजवर (नेमबाजीच्या बंदिस्त जागेत) १० ते १५ यार्डांवरून कागदी टार्गेट, एवढाच उपयोग. स्पर्धा नाही, जवळ बाळगायचं नाही, घराच्या रक्षणासाठीही नाही. पिस्तुलाचं बजेट कर धरून ४०० डॉलर. गोळ्या, इअरमफ, गॉगल वेगळे.

यादीत रूगर मार्क ४ २२/४५, स्मिथ अँड वेसन एसडब्ल्यू२२ व्हिक्टरी, ब्राउनिंग बक मार्क, टॉरस टीएक्स२२ आणि रूगर रँग्लर रिव्हॉल्व्हर आहेत. दुकानदार टीएक्स२२ घ्या म्हणतो, कारण मॅगझिनमध्ये १६ गोळ्या बसतात आणि किंमत कमी. काय घ्यावं, आणि गोळ्या कोणत्या? शिवाय उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांनाही एकदा रेंजवर न्यायचा विचार आहे.

काळा_ठिपका:
या कामासाठी टीएक्स२२ नको. पिस्तूल वाईट नाही, अडकतही फारसं नाही. पण ते ९ एमएमच्या (मोठ्या गोळीच्या) पिस्तुलाच्या सरावाला स्वस्त पर्याय म्हणून घडवलंय. वजन जेमतेम ४९० ग्रॅम, बॅरल (नळी) ४.१ इंच, आणि मागची साइट (नेम धरायची खूण) स्लाइडवर (गोळी सुटली की मागे जाणाऱ्या वरच्या भागावर) असल्याने प्रत्येक गोळीला ती मागेपुढे धावते. व्हिक्टरीचं वजन एक किलोच्या आसपास, बॅरल ५.५ इंच, साइट जागच्या जागी घट्ट. मार्क ४ मध्ये फक्त आतला बोल्ट (काडतुसाला मागून टेकणारा धातूचा तुकडा) हलतो, बक मार्कमध्ये मागचा अर्धाच स्लाइड सरकतो, साइट तिथेही स्थिर. नळीकडे वजन असलं की ट्रिगर दाबताना पिस्तुलाचं तोंड डुगडुगत नाही, आणि दोन साइटमधलं अंतर वाढलं की नेमातली चूक डोळ्याला लगेच कळते. १६ गोळ्यांचा तुम्हाला उपयोग काय? पाच गोळ्या मारायच्या, थांबायचं, ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) बघायचा. १० गोळ्यांचं मॅगझिन पुरून उरतं.

व्हिक्टरी, मार्क ४ आणि बक मार्क या तिघांत ट्रिगर बक मार्कचा उजवा, पण तो नवा घेतला तर बहुधा बजेटबाहेर जाईल. टेक्सासात तुमच्या भागात विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे लेबलवर ३६९ डॉलरच्या पुढचं काहीही ४०० ओलांडतं. व्हिक्टरी आणि २२/४५ यांची साधी मॉडेल या आकड्यात शोधली तर मिळतात. माझं मत व्हिक्टरीला. स्टेनलेस आहे, आणि पुढे वाटलं तर बॅरल बदलता येतं.

गोळ्यांबद्दल: एकदम ५०० गोळ्यांची वीट (मोठा खोका) उचलू नका. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी (गोळीचं वजन ४० ग्रेन, वेग १०७० फूट/सेकंद) आणि सीसीआय मिनी-मॅग (४० ग्रेन, १२३५ फूट/सेकंद) यांची एकेक पेटी घ्या. दोन्हींचे १० यार्डांवर, हात टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारा. जी न अडकता चालते आणि ग्रुप लहान देते, ती तुमच्या पिस्तुलाची गोळी. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांची आवड वेगळी निघते. 'क्वाएट' छापाच्या ७१० फूट/सेकंदवाल्या गोळ्या सेमी-ऑटोत (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात) घालू नका. बोल्ट पुरेसा मागे जातच नाही.

खटका:
व्हिक्टरीवर माझी हरकत साफसफाईपुरती. तिचा स्क्रू ट्रिगर गार्डच्या पुढे असतो, तो अ‍ॅलन कीने काढावा लागतो आणि नीट कसला नाही तर रेंजवर ढिला होतो. मग माणूस साइट फिरवत बसतो आणि ग्रुप भटकत राहतो. बक मार्कमध्ये दोन स्क्रू, तिथेही तेच. मार्क ४ ला मागे एक बटण आहे: मॅगझिन बाहेर, बोल्ट ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, सेफ्टी लावायची, बटण दाबायचं, वरचा भाग उचलून येतो. (हॅमर, म्हणजे आघात करणारा घोडा, चढलेला नसेल तर सेफ्टी लागतच नाही, म्हणून आधी बोल्ट ओढायचा.) .२२ ची गोळी मेण, शिसं आणि काजळी सोडते. जे पिस्तूल उघडायला सोपं, तेच स्वच्छ राहतं. म्हणून माझं मत २२/४५ ला.

बॅरल घासत बसू नका. ३००-४०० गोळ्यांनंतर चेंबर, बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखामागची घाण काढा. तेलाचे एक-दोन थेंब पुरे. जास्त झालं की त्यात काजळी मिसळून राळ होते.

रँग्लरचा विचार मात्र वाया नाही. सिंगल अ‍ॅक्शन आहे, प्रत्येक गोळीला हॅमर अंगठ्याने चढवावा लागतो, सहा गोळ्या बाजूच्या झडपेतून एकेक भरायच्या. कोणतीही गोळी चालते, अगदी 'क्वाएट'सुद्धा, आणि २०० डॉलरच्या आसपास मिळतं. अडचण एकच: साइट पक्क्या आहेत. गोळ्या दोन इंच डावीकडे लागत असल्या तर फिरवायला काही नाही. नेम सुधारायला निघालेल्या माणसाला साइट फिरवता यायलाच हवी.

हिरवं_कार्ड:
आई-बाबांना रेंजवर नेण्याआधी हे वाचाच. ते बी-२ (पर्यटक) व्हिसावर येणार असतील तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवायला मनाई आहे. रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हाही ताबाच. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे यात येतात. अपवाद मोजके, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. मोडल्यास शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि माहीत असून बंदूक हातात देणाऱ्यालाही तेवढीच. 'रेंजवाले काही विचारत नाहीत' हे उत्तर तिथे चालत नाही. परवाना नसेल तर त्यांना काचेमागून बघू द्या.

तुमचा मार्ग मोकळा आहे. लायसन्सधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि ते स्वतःच्या राज्यातच घ्यावं लागतं. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरताना ग्रीन कार्डावरचा नंबर आणि सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र लागतं. घर बदललं असेल आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदला. बरेच जण तिथेच परत फिरतात. टेक्सासात वेगळं परमिट नाही. न्यू जर्सीतल्या वाचकांनी हे आपल्याला लागू समजू नये. तिथे प्रत्येक पिस्तुलासाठी आधी परमिट काढावं लागतं आणि मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे.

दहायार्ड:
सर्वांचे आभार. आई-बाबांचा बेत रद्द. दुकानात एक वापरलेलं मार्क ४ २२/४५ आहे, २०१७ चं, ३०० डॉलर. घ्यावं का? आणि रेंजवरच्या भाड्याच्या पिस्तुलात दर मॅगझिनला एखादं रिकामं काडतूस उभं अडकतं किंवा गोळी फुटतच नाही. .२२ हे असंच असतं का?

खटका:
२०१७ चं असेल तर आधी सिरियल नंबर बघा. १ जून २०१७ पूर्वी बनलेली सगळी मार्क ४ रूगरने परत मागवली होती. सेफ्टी अर्ध्यावर असताना ट्रिगर दाबला, तर नंतर सेफ्टी 'फायर'वर नेताना गोळी सुटू शकते, हा दोष. नंबर ४०१ किंवा डब्ल्यूबीआर ने सुरू होत असेल तर दुरुस्ती झालीय की नाही हे कंपनीकडून पक्कं कळेपर्यंत त्यात गोळी भरू नका.

दुसरं, चेंबरच्या काठावर टॉर्च मारा. फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) जिथे पडते तिथे खळगा असेल तर काडतूस अडकणारच. मार्क ४ चा ट्रिगर गोळी नसताना दाबलेला चालतो, कारण फायरिंग पिनला अडवणारी एक आडवी पिन बोल्टमध्ये असते. कुणी बोल्ट खोलून ती परत बसवायला विसरलं, की फायरिंग पिन थेट काठावर आपटते. इतर .२२ मध्ये मॅन्युअल परवानगी देत नसेल तर कोरडा सराव (गोळीविना ट्रिगर दाबण्याचा) चेंबरमध्ये पिवळा प्लॅस्टिकचा वॉल अँकर (४-६ नंबरचा) घालून करावा. हार्डवेअरच्या दुकानात पाकीटभर मिळतात.

काळा_ठिपका:
अडकण्याची कारणं वेगवेगळी आहेत, ती एकात मिसळू नका.

काडतूस उभं अडकतं तेव्हा बोल्ट पूर्ण मागे गेलेला नसतो: गोळी कमजोर, चेंबर घाण, किंवा मनगट सैल. भाड्याच्या पिस्तुलात बहुतेक वेळा घाणच. आधी मिनी-मॅग घालून बघा, त्याने थांबलं तर गोळीचा प्रश्न होता.

गोळी फुटत नाही तेव्हा: .२२ मध्ये प्रायमरचा (ठिणगी देणारा) मसाला काडतुसाच्या कडेत गोल फिरवून भरलेला असतो. स्वस्त गोळ्यांत तो सगळीकडे सारखा पसरत नाही आणि पिन नेमकी कोरड्या जागी पडते. अशा वेळी तोंड टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा, उशिरा फुटू शकते. मग गोळी काढून रेंजच्या डडच्या (न फुटलेल्या गोळ्यांच्या) डब्यात टाका. 'फुस्स' असा दबका आवाज आला तर मात्र पुढची गोळी मारायचीच नाही. पिस्तूल रिकामं करून बॅरलमधून आरपार प्रकाश दिसतो का पाहा, कारण शिसं आत अडकलेलं असू शकतं.

गोळी चेंबरच्या खाली आपटत असेल तर दोष भरण्याचा. मॅगझिनचं बटण एकदम तळापर्यंत ओढून गोळ्या आत सोडल्या की त्या तोंड खाली करून बसतात. एका गोळीपुरतंच बटण खाली घ्या, गोळी मागे टेकवा, मग पुढची.

आणि साइट लगेच फिरवू नका. उजव्या हाताने मारणाऱ्याचा ग्रुप खाली-डावीकडे जात असेल तर बहुधा ट्रिगरला झटका बसतोय. मॅगझिनमध्ये एक-दोन डमी गोळ्या मध्येच मिसळा, शक्यतो दुसऱ्याकडून भरून घ्या. डमी आली की तोंड खाली डुचकतं का ते स्वतःच दिसेल. हात टेकवूनही ग्रुप त्याच बाजूला राहिला तरच मागची साइट हलवा, ग्रुप जिकडे न्यायचा तिकडे.

हिरवं_कार्ड:
एक राहिलं. रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. .२२ ची गोळी एवढीशी, अस्तराच्या शिवणीत अडकून राहते. भारतातल्या विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. रेंजवरून आल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, शिशाची धूळ असते. घरात लहान मूल असेल तर त्याला उचलण्याआधी शर्टही बदला, आणि पिस्तूल व गोळ्या दोन वेगळ्या कुलपांत ठेवा.