बेपत्ता एकीची बातमी, दुसरीचं नावही नाही?

प्रश्न: अमेरिकेत गोरी तरुणी हरवली की चॅनेलवर दिवसरात्र तेच, कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी मुलीला चार ओळीही नाहीत. हे पाप फक्त माध्यमांचंच का?

प्रतिसाद १: अमेरिकन पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये याला 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' असं नाव दिलं. पण गाडी अडते ती त्याआधीच, पोलीस ठाण्यात. 'पळून गेली' असा शेरा पडला की अँबर अलर्ट, म्हणजे अपहृत मुलांसाठीचा सार्वजनिक इशारा, निघत नाही; त्याला अपहरणाचा सबळ संशय लागतो. अलर्ट नाही, म्हणून बातमी नाही.

प्रतिसाद २: म्हणून आधी तो शेरा बदलून घ्यायचा. औषधं, चार्जर, पैसे घरीच राहिले असतील तर ते लेखी द्या. पोलीस '२४ तास थांबा' म्हणाले तर हलू नका. २१ वर्षांखालच्या व्यक्तीची नोंद एनसीआयसीत (एफबीआयच्या देशव्यापी माहितीसाठ्यात) लगेच करणं तिथे बंधनकारक आहे. केस नंबर हातात घेऊनच उठा.

प्रतिसाद ३: फोटोही निवडून द्या. तुम्ही दिला नाहीत तर चॅनेल कधी जुना अटकेचा फोटोही लावतं, आणि सहानुभूती तिथेच संपते. कॅलिफोर्नियात २०२४ पासून १२ ते २५ वयाच्या बेपत्ता कृष्णवर्णीयांसाठी 'एबनी अलर्ट' हा वेगळा इशारा आहे. मात्र तो घरच्यांना थेट काढता येत नाही, विनंती पोलिसांनीच करायची. म्हणजे फिरून पुन्हा ठाण्यातच!