स्वस्त चिनी घडीचे चाकू: दर्जा कशावरून ओळखावा?

रानवाटा:
नमस्कार मंडळी. पार्सले उघडणे, दोरी कापणे, फळ चिरणे, कुंडीतली वाळकी फांदी छाटणे अशा रोजच्या कामांसाठी मला खिशात मावणारा घडीचा चाकू घ्यायचा आहे. चिनी बनावटीचे चाकू नामांकित अमेरिकी किंवा जपानी चाकूंच्या मानाने फारच स्वस्त मिळतात आणि छायाचित्रांत तर दोन्ही सारखेच देखणे दिसतात. काहींच्या मते हा चार दिवसांत मोडीत काढायचा माल आहे, तर काही जण तो महागड्या चाकूंच्या तोडीस तोड असल्याचे छातीठोकपणे सांगतात. पात्यांवर ८सीआर१३एमओव्ही, डी२, १४सी२८एन अशी पोलादाची नावे कोरलेली असतात. खरा फरक कशात असतो, आणि चाकू हाती आल्यावर काय तपासून पाहावे?

पोलादवेडा:
पहिली गोष्ट म्हणजे सगळा चिनी माल एकाच तागडीत तोलू नये. ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग हे शहर चाकू-कात्र्यांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. तेथे निनावी माल घाऊक प्रमाणात काढणारे कारखाने आहेत, तसेच वी नाइफसारखी अत्यंत काटेकोर काम करणारी कंपनीही आहे. तिचीच स्वस्त मालिका सिव्हिवी या नावाने विकली जाते. स्पायडर्को या अमेरिकी कंपनीचा टेनेशस हा लोकप्रिय चाकूही चीनमध्येच तयार होत आला आहे. त्यामुळे देशाच्या नावावरून दर्जाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे. चाकूवर स्वतःचे नाव घालून त्याची जबाबदारी घेणारा कोणी आहे की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आता पोलादाविषयी. ८सीआर१३एमओव्हीमध्ये सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते, आणि गुणांनी ते एयूएस-८ या जपानी पोलादाच्या जवळ जाते. त्याला नीट पाणी दिले, म्हणजे योग्य तितके तापवून झटकन थंड केले (विझवले), तर रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५७ ते ५९ इतका कडकपणा येतो, आणि रोजच्या कामाला तो पुरेसा आहे. हेच पोलाद पुरेसे न तापवता विझवले, तर पाते मऊ राहते आणि पुठ्ठ्याची दोन-चार खोकी कापताच धार दुमडते. विझवल्यानंतर पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ती पायरी घाईने उरकली, तर धारेचे कपचे उडतात. पात्यावर पोलादाचे नाव कोरलेले असते, पण पाणी कसे दिले हे कोठेही लिहिलेले नसते, आणि नामांकित कंपनी व निनावी कारखाना यांच्यातील खरे अंतर नेमके तेथे आहे.

दुसरी बाब पात्याच्या घडणीची, आणि तिच्याकडे ग्राहकांचे फारच कमी लक्ष जाते, याचे मला वाईट वाटते. धारेच्या लगेच मागे पात्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तर साधे पोलादही सफरचंदातून अलगद उतरते. तीच जाडी एक मिलिमीटरकडे झुकली, तर उत्तम पोलादाचे पातेसुद्धा पाचर ठोकल्यासारखे फळ फोडत जाते. स्वस्त चाकूंपैकी बरेचसे येथेच मार खातात.

कडीकोयंडा:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते लॉकची, म्हणजे उघडलेले पाते अचानक मिटू न देणाऱ्या अडणीची, तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, कारण धार नंतर लावता येते, कापलेले बोट मात्र सहजासहजी भरून येत नाही. बहुतेक स्वस्त चाकूंत लायनर लॉक असते: पाते उघडले की मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी अडते. ही पट्टी बुडाला पूर्णपणे टेकली आहे ना, ते उजेडात धरून पाहावे. ती कडेवर जेमतेम टेकत असेल, किंवा नव्या चाकूतच सरकत पलीकडच्या बाजूपर्यंत पोहोचली असेल, तर तो चाकू परत करावा. मग सर्व बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबावी. एवढ्याशा दाबाने लॉक सुटत असेल, तर त्या चाकूवर दुसरे काहीही तपासत बसू नये. पाठ टेबलावर आपटून पाहण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्या धक्क्यांनी चांगले लॉकही खराब होऊ शकते.

पाते आडवे डुगडुगत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पाते ज्या स्क्रूभोवती फिरते तो टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्याने किंचित आवळला की बहुधा काम भागते. आवळल्यावर पाते जड फिरू लागले आणि सैल केल्यावर पुन्हा डुगडुगले, तर मात्र वॉशर किंवा भोकाचे माप चुकलेले आहे, आणि तो दोष घरी दुरुस्त होत नाही.

सहाण:
लॉकची गरज आहे का, याचाही विचार व्हावा. विक्टोरिनॉक्सच्या अनेक लहान चाकूंना लॉक नसते आणि त्यांचे पोलाद ५६ रॉकवेलच्या आसपासचे, म्हणजे मऊच असते, तरीही माणसे ते वर्षानुवर्षे वापरतात, कारण दगडावर पाच मिनिटांत त्यांना धार येते.

रानवाटा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. स्वस्त चाकूंत सध्या डी२ची बरीच स्तुती ऐकू येते. माझ्या कामासाठी ते घ्यावे काय?

पोलादवेडा:
फळे चिरायची असल्यामुळे मी तुम्हाला डी२ सुचवणार नाही. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते खरे, पण कार्बनही दीड टक्क्याच्या घरात असल्याने बरेचसे क्रोमियम कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या) टणक कणांत अडकते आणि गंजापासून संरक्षणासाठी कमी उरते. लिंबाचा किंवा कैरीचा रस पात्यावर तसाच राहिला, तर डाग पडतात. धार दीर्घकाळ टिकते हा त्याचा मोठा गुण आहे, पण ते टणक कण साध्या दगडाला दाद देत नाहीत, त्यामुळे धार लावायला हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी जवळ ठेवावी लागते. पुठ्ठा आणि दोरीच कापायची असती, तर मी नि:शंकपणे डी२ घ्या म्हटले असते.

१४सी२८एन हे मूळचे स्वीडिश पोलाद तुमच्या कामाला अधिक योग्य आहे. ते गंजाला चांगले तोंड देते, त्याचा पोत बारीक असल्याने धार झटकन लागते, आणि अनेक चिनी कंपन्या आता ते स्वस्त चाकूंतही वापरतात. मात्र नकली मालापासून सावध राहावे. नाव कोरायला काहीच खर्च येत नाही, त्यामुळे निनावी चाकूवर उत्तम पोलादाचे नाव दिसले तर त्याला काडीचीही किंमत देऊ नये, आणि नामांकित चिनी चाकूंच्याही नकला निघत असल्याने खरेदी कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच करावी.

कारखान्यातून आलेली धार पहिल्या काही दिवसांतच उतरली, तर लगेच चाकूला नावे ठेवू नयेत. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर घासताना धारेचे अगदी टोक तापून मऊ पडण्याची शक्यता असते. प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा कोन धरून दगडावर दोनदा नीट धार लावावी. आतले चांगले पोलाद उघडे पडल्यावरही ती टिकली नाही, तर पात्याला पाणीच नीट दिलेले नाही असे समजून चाकू परत करावा.